तीन बोटं

आमच्या खात्यात दिवसपाळीला शिरण्याआधी तोंड उघडून दाखवावं लागायचं. मालकाचा तसा नियम नव्हता, नियम मास्तरांचा होता. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि बिघडलेले लूम दुरुस्त करणाऱ्याला मास्तर. आमचे मास्तर सकाळी सातला शटरपाशी उभे असत. नाकापासून खाली गमछा गुंडाळलेला, हातात पेनाएवढी बॅटरी. कारीगर समोर आला की ते आपली मधली तीन बोटं त्याच्यासमोर धरत. म्हणजे, तुझी तीन बोटं एकावर एक उभी धर आणि समोरच्या दातांमध्ये घाल. गेली तर आत जा, नाही गेली तर बाजूला थांब.

बाजूला थांबलेल्याशी ते फारसं बोलत नसत. सगळे आत गेले की त्याच्या तोंडात बॅटरी मारून बघत. मग खिशातल्या वहीचं पान फाडून त्यावर एक वार लिहून देत. ‘मंगळवार’. त्या वारी सरकारी दवाखान्यात तोंडाचे डॉक्टर बसत. आम्ही मात्र आपसात म्हणायचो, मास्तर मरणाचा वार काढून देतात.

हे म्हणायला एक कारण होतं. माझ्या शेजारच्या लूमवर यवतमाळकडचा एक जण होता, माझ्याच वयाचा. त्याला असं पान मिळालं. त्यानं सगळ्यांसमोर त्याची गुंडाळी करून कान खाजवला आणि हसला. पुढच्या दिवाळीला तो गावी गेला तो परत आलाच नाही. होळीच्या सुमारास त्याचा भाऊ त्याचा डबा आणि अंथरूण न्यायला आला. त्या दिवसापासून मला मास्तरांच्या बॅटरीची भीती बसली. आजार माणसाच्या तोंडात असतो हे कळत होतं, पण मनाला वाटायचं की तो बॅटरीत आहे. त्यांनी उजेड पाडला नाही तर काही होणार नाही.

मास्तर कुठले, त्यांना मुलंबाळं किती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. खात्यात ऐंशी लूम एकदम चालतात. तिथं बोलून काही ऐकू येत नाही, सगळं खुणांनी चालतं. धोटा अडकला, ताणा तुटला, पाणी पाहिजे, प्रत्येकाची खूण ठरलेली. मास्तर त्या खुणांचे बादशहा होते. बाहेर चहाच्या टपरीवरही ते खुणांनीच बोलत, आणि अगदीच लागलं तर गमछ्यातून दोन शब्द हिंदीत. ते शब्द ओले आणि अर्धवट यायचे. आम्हाला वाटायचं, वर्षानुवर्षं लूमजवळ राहून माणसाची बोलायची सवय गेली असेल.

जेवायला ते एकटे बसत, सुताच्या कांड्यांच्या पोत्यांमागे, भिंतीकडे तोंड करून. कुणाच्या खिशात माव्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी दिसली की काढून घेत, पण फेकत नसत. पुडी सोडून तिच्यात तेलाच्या कुप्पीतून चार थेंब सोडत, पुन्हा नीट बांधत आणि ज्याची त्याला परत करत. बिहारचा एक पैलवानी कारीगर एकदा त्यावरून त्यांच्या अंगावर धावून गेला होता. मास्तर जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त तीन बोटं वर केली. पैलवानानं हात खाली घेतला आणि लूमवर गेला.

आणि पाळी सुटली की ते घरी पळत जायचे. खरोखर पळत. अमरोलीतलं आमचं खातं ते कोसाडची वसाहत, तेलकट पँट, कॅनव्हासचे बूट, पाठीला जेवणाच्या डब्याची पिशवी. मीही कोसाडमध्येच राहत असल्यामुळे मला ते रोज रिक्षातून दिसायचे. कुत्री मागे लागायची, पोरं ओरडायची. मास्तर कुणाकडे बघत नसत.

मी मावा खायला लागलो एकोणिसाव्या वर्षी. अमळनेरकडच्या गावातून आलो तेव्हा बारा तासांची पाळी मला झेपत नव्हती. दुपारी डोळे मिटायला लागायचे, आणि मिटलेल्या डोळ्यांनी लूमजवळ उभं राहिलं तर बोट जातं. मावा गालात धरला की जाग यायची. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, जागं राहण्याचा प्रश्न उरला नाही, तरी मावा राहिला.

मग सुट्टीच्या एका दुपारी बायकोनं भरीत केलं. आमच्याकडचं हिरव्या मिरचीचं, वर शेंगदाणे, कांद्याची पात. पहिल्या घासाला डाव्या गालात असा जाळ झाला की डोळ्यांतून पाणी आलं. मी पाणी प्यायलो आणि ताट सरकवलं.

"तिखी झायी का?" तिनं विचारलं. आम्ही घरी अहिराणीच बोलतो.

"भूक नही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिनं मिरची निम्मी केली. त्याच्या दुसऱ्या दिवशी घातलीच नाही. महिनाभरात आमच्या घरची भाजी आजाऱ्याच्या घरासारखी पांढरी झाली. तिला वाटलं, तिच्या हातची चव मला आवडेनाशी झालीय. ती कमी बोलायला लागली. मी तरीही तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

जांभई देताना जबडा मध्येच अडकायचा. मुलीला शिट्टी वाजवून दाखवायचो ती वाजेना. आरशासमोर मी गाल ओढून बघायचो नाही. दात घासतानासुद्धा मी भिंतीकडे बघायचो. पण बोटं मात्र घालून बघायचो, दिवसातून वीसदा, संडासात, जिन्यात, लूमच्या आडोशाला. तीन जायची बंद झाली. मग अडीच. मग दोन, तीही खरचटत.

मास्तरांना चुकवण्यासाठी मी सहालाच खात्यावर जायला लागलो आणि रात्रपाळीचे लोक मागच्या दारानं सुटतात तिथून आत शिरायला लागलो. बायकोला सांगायचो, काम वाढलंय. असे पाच-सहा महिने काढले. त्या महिन्यांत मला एकही गाढ झोप आठवत नाही. खात्याच्या खटखटाटात मला रोज माझं नाव घेतल्यासारखं ऐकू यायचं. वळून बघितलं की कुणी नसायचं.

पकडला गेलो तो चहामुळे. टपरीवर सगळे गरम चहा पीत होते आणि मी बशीत ओतून फुंकत होतो, निवला तरी फुंकत होतो. मान वर केली तर मास्तर समोर. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि टपरीच्या मागे नेलं.

"मुँह खोल."

मी उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं. बॅटरीचा उजेड गालाच्या आत गरम लागतोय असं मला वाटलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग बॅटरी बंद केली. मी पानाची वाट बघत होतो. ते वही काढतील, वार लिहितील. पण त्यांचा हात खिशाकडे गेलाच नाही. त्यांच्या डोळ्यांखेरीज मला काही दिसत नव्हतं, आणि डोळे माझ्याकडे नव्हते.

"कल सुबह पाँच बजे," ते म्हणाले. "कॅनॉल पे. दौडना है."

मला पान दिलं नाही याचा मी एकच अर्थ काढला. आपलं दवाखान्याच्या पलीकडे गेलंय.

तरी दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांना नाही म्हणण्याची हिंमत नव्हती. त्यांनी छापील कागद आणला होता. शहरात तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी दौड होती, दहा किलोमीटरची, तीन आठवड्यांनी. जेवढे लोक धावतील तेवढी शहरातले व्यापारी रुग्णांच्या ऑपरेशनला मदत करणार होते. त्यांनी माझं नाव घातलं होतं.

कॅनॉलच्या रस्त्यावर मी पुढे आणि ते मागे. कधीच बरोबरीनं आले नाहीत. दहा पावलं मागे त्यांच्या बुटांचा आवाज, थप, थप, एकाच चालीत. मी दमून चालायला लागलो की आवाजही हळू व्हायचा. मी पळालो की तोही पळायचा. अंधार विरळ होत असायचा, कॅनॉलचं पाणी काळं असायचं, आणि मला वाटायचं, हे जे मागून येतंय ते मास्तर नाहीत. एकदा मी थांबून विचारलंच, "मास्तर, आगे चलो ना."

त्यांनी मान हलवली. नाही.

दौडीच्या दिवशी तापीकाठच्या रस्त्यावर हजारो लोक होते. रंगीत टोप्या, ढोल, कुणी कपाळाला पट्ट्या बांधलेल्या. प्रत्येकाला छातीवर लावायला कागद दिला होता, ‘मी धावतोय ... साठी’ असं गुजरातीत लिहिलेला. मधली जागा भरायची होती. कुणी आईचं नाव लिहीत होतं, कुणी मित्राचं. मी यवतमाळकडच्या त्या मित्राचं नाव लिहायला पेन घेतलं आणि हात थांबला. मेलेल्याचं नाव छातीवर लावायची भीती वाटली. जागा कोरी ठेवली. मास्तरांनी काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

सात किलोमीटरपर्यंत काही झालं नाही. उलट मला बरं वाटत होतं, एवढ्या लोकांत मी एकटा नव्हतो. मग पाण्याचं टेबल आलं. मी दोन घोट घेतले आणि मागे वळलो, तर मास्तर रस्त्याच्या कडेला झाडाकडे तोंड करून उभे होते. ऊन चढलं होतं, त्यांनाही तहान लागली असणार. त्यांनी गमछा खाली ओढला होता.

मला त्यांची एक बाजू दिसली. खालचा जबडा अर्धाच होता. जिथं गाल असायला हवा तिथं दुसरीकडचं कातडं बसवलेलं, जाड, वेगळ्या रंगाचं. त्यावर केस होते, दाढीचे नव्हेत, छातीवर असतात तसे लांब आणि कुरळे. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, ओठाच्या कोपऱ्यातून पाणी आत सोडलं, आणि निम्मं पाणी त्या कातड्यावरून खाली ओघळलं. ते त्यांनी गमछ्यानं टिपलं, जेवताना टिपावं तसं, सवयीनं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी पळालो. दौडीच्या रस्त्यानं नाही, उलट्या दिशेनं. येणाऱ्या लोकांच्या अंगावर आदळत, कुणी ओरडलं, कुणी हात धरायला गेलं. बाजूच्या गल्लीत शिरलो, बंद दुकानांपुढून, एका देवळाच्या मागून, कुठं जातोय ते न बघता. डोक्यात एवढंच होतं की ते तोंड माझं आहे. मी आत्ता जे बघितलं तो माझाच चेहरा होता, पुढच्या वर्षीचा. घरी जायचं, बायकोच्या मागे लपायचं, आणि पुन्हा कधी कुणापुढे तोंड उघडायचं नाही.

तापीच्या पुलावर छातीत कळ आली तेव्हा थांबलो. कठड्याला टेकून खाली बसलो. थोड्या वेळानं तोच आवाज आला. थप, थप. मास्तर येत होते, तीच चाल. ते माझ्या शेजारी खाली बसले. आमच्यासमोरून बसगाड्या जात होत्या आणि आम्ही दोघं छातीला कागद लावून बसलो होतो. गमछा त्यांनी परत बांधला नव्हता. मी नदीकडे बघत राहिलो.

"माले बी असंच व्हतं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून अहिराणी ऐकलीच नव्हती. हा माणूस आमच्याकडचा होता. मी वळून बघितलं.

"दीड वरीस मी कोनले सांगं नही. बायकोले बी नही."

पुढे ते जे बोलले ते समजून घ्यायला मला त्यांच्या ओठांकडे बघावं लागत होतं, आणि त्यामुळे चेहऱ्याकडेही. त्यांच्या गालात तांदळाएवढा पांढरा डाग होता तेव्हाच त्यांना कळलं होतं. ते धुळ्याहून येऊन पांडेसऱ्याच्या एका खात्यात लागले होते. दीड वर्ष ते घरी म्हणत राहिले, दात दुखतोय. दीड वर्षानं दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी जबडा काढायला सांगितला. ऑपरेशननंतर चालायला सांगितलं होतं. पण रस्त्यानं चालणाऱ्याच्या तोंडाकडे लोक बघतात, थांबून बघतात. पळणारा निघून जातो. म्हणून पळायला लागले.

"मग मला पान का नाही दिलंत?" मी विचारलं.

"तू गेला नसतास," ते म्हणाले. "तू मागच्या दारानं येतोस, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पान दिलं असतं तर तू गाव गाठलं असतंस. दौड जिथं संपते तिथं डॉक्टर बसलेत. पळत पळत तुला त्यांच्या दारात न्यायचं, असं ठरवलं होतं." ओठाचा कोपरा टिपून ते म्हणाले, "पण मला तहान लागली."

"मला भीती वाटते, मास्तर."

"वाटू दे. मला तर अजून वाटते. घाबरत घाबरत चल."

आम्ही चालत परत गेलो. पोचलो तेव्हा दौड केव्हाच संपली होती. मांडव सोडवायला घेतला होता, खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या. तपासणीच्या तंबूत एक डॉक्टरीणबाई सामान भरत होत्या. मास्तरांनी फक्त दंडाला धरून मला त्यांच्यापुढे केलं. बाईंनी पुन्हा हातमोजे चढवले. बघितलं, आरसा घालून बघितलं, बोटानं दाबून बघितलं.

"गभराशो नहीं," त्या म्हणाल्या. "पण मोडुं ना करता."

घाबरू नका, पण उशीर करू नका. तुकडा काढून तपासायला द्यावा लागेल. मी उद्या येतो म्हणालो. मास्तर तंबूच्या दारात उभे राहिले, दोन्ही हात बांबूंना लावून. त्यांच्या अंगाखालून वाकून जाण्याएवढी जागा होती. मी गेलो नाही.

त्या दुपारी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती आधी रडली नाही. तिनं विचारलं, "म्हणून तुम्ही जेवत नव्हता?" मी हो म्हटलं, आणि मग ती रडली.

रिपोर्टला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांवर मी काही लिहू शकत नाही. गालातला डाग कॅन्सरचाच होता, पण वरवरचा. गालाच्या आतलं रुपयाएवढं कातडं काढलं, जबडा राहिला. तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचा व्यायाम दिला. मी खात्यात लूमपाशी उभा राहून तो करायचो, आणि मास्तर येता-जाता काड्या मोजायचे. कमी असली तर खिशातून काढून एक वाढवायचे. मी कळवळायचो, ते दुसऱ्या लूमकडे वळलेले असायचे.

ही गोष्ट इथंच थांबवता आली असती तर बरं झालं असतं.

पुढची दोन वर्षं आम्ही दौडीला बरोबर गेलो. तिसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता मला दिसलं की मास्तरांचा गमछा खाली सरकलाय. आधी तो हनुवटीपर्यंत असायचा, आता गळ्याभोवती दोन वेढे. संध्याकाळी ते पळायचेही थांबले, माझ्याबरोबर रिक्षातून यायला लागले. गुडघा दुखतो म्हणाले. ऑपरेशन झालेल्या माणसानं असं काही ऐकलं की त्याला एका क्षणात कळतं. मला कळलं. आणि मी विचारलं नाही.

दीड महिना मी रोज त्यांच्या शेजारी रिक्षात बसलो, आणि रोज रस्त्याकडे बघत राहिलो. त्यांचं परत आलं असेल तर माझंही येणार, एवढंच मनात होतं. एक दिवस रिक्षाला गचका बसला, त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि तोंडातून आवाज निघाला. मग मात्र मी म्हणालो, "मास्तर, गमछा सोडा." त्यांनी सोडला. मानेवर सुपारीपेक्षा मोठी गाठ होती.

"रोज दुसऱ्यांची तोंडं बघता," मी ओरडलोच. "आणि हे?"

"दुसऱ्याच्या तोंडात बघायला बॅटरी लागते," ते म्हणाले. "इथं नुसता हात न्यायचा होता. नेला नाही."

मास्तरांचा रिपोर्ट आणायला मी गेलो होतो. खिडकीतून कागद हातात आला, मी तिथंच उभ्यानं वाचला. त्यात काय आहे ते कळायला डॉक्टरची गरज नव्हती. आणि वाचताना माझ्या मनात पहिलं जे आलं ते दुःख नव्हतं. कागदावर माझं नाव नाही, हे आलं. छातीतून एक दगड खाली गेला, सुटल्यासारखं वाटलं, बाकावर बसून मी दोन मिनिटं नुसता श्वास घेतला. त्यानंतर मला रडू आलं.

मास्तर त्यानंतर पाच महिने जगले. त्यांच्या बायकोला, काकूंना, मी दिवसा जरा झोपायला पाठवायचो आणि वॉर्डात त्यांच्याजवळ बसायचो. त्यांच्या नाकात नळी होती, बोलणं आणखी कमी झालं होतं. एका दुपारी मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. गाठ मला आधीच दिसली होती हे, भीतीनं मी दीड महिना गप्प राहिलो हे, आणि रिपोर्ट वाचून मला सुटल्यासारखं वाटलं हेसुद्धा. सांगताना त्यांच्याकडे बघवेना. पलंगाच्या लोखंडी दांडीकडे बघत बोललो.

मला वाटलं, ते झोपले असतील. मग त्यांचा हात माझ्या मनगटावर आला.

"बरं झायं," ते म्हणाले. "दोन्हीसनं एकदम निघतं, ते माले आठे कोन आनतं?"

दोघांचं एकदम निघालं असतं, तर मला इथं कुणी आणलं असतं? आणि हसू आलं तसं मानेला दुखलं, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.